पहिला दाढीचा ब्रश: केस, झुबका आणि पाणी पाहून तुलना कशी करावी

दाढीचा ब्रश घ्यायला निघालेल्या नवशिक्यापुढे सर्वांत आधी प्रश्न येतो तो जनावराचा: केस डुकराचे घ्यावेत, बॅजरचे, घोड्याचे, की सरळ कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, परंतु त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारला तर निवड पुष्कळ सोपी होते. ब्रश पाणी किती धरतो, आणि धरलेले पाणी केव्हा सोडतो? कोणी एखाद्या ब्रशला मऊ म्हणतो, कोणी आडदांड म्हणतो, कोणाच्या मते अमुक ब्रशने फेसच होत नाही. या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. म्हणून या लेखातली सगळी तुलना पाण्याच्या बाजूने केली आहे.

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. केस केराटिनचा बनलेला असून तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो, आणि असा भिजलेला केस कापायला पात्याला बराच कमी जोर लावावा लागतो. त्यासाठी कोमट पाण्याचा दोन-तीन मिनिटांचा सहवास पुरतो. ब्रश हा सहवास घडवून आणतो: तो खुंटांच्या बुडापर्यंत पाणी पोचवतो, साबणात पाणी व हवा मिसळून फेस करतो आणि त्वचेला चिकटून आडवे पडलेले केस उभे करतो. दाबून निघणाऱ्या डब्यातल्या फोममध्ये पाण्याचे प्रमाण कारखान्यात ठरलेले असते. ब्रश हाती घेतला की ते प्रमाण ठरवणे आपल्याकडे येते. नवशिक्याची पहिली पंचाईत तिथेच होते.

चार प्रकारचे केस

डुकराच्या केसांचा ब्रश हा जाड, ताठ आणि पाणी पिणारा असतो. हे केस स्वतः पाणी शोषून मऊ पडतात, त्यामुळे वापरण्याआधी ब्रश तीन ते पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवावाच लागतो. आंघोळीला जाताना तो पेल्यात बुडवून ठेवावा, म्हणजे वेगळा वेळ जात नाही. नवा ब्रश पहिले काही दिवस टोचतो आणि भिजल्यावर त्याला गोठ्यासारखा वास येतो. माझ्या पहिल्या ब्रशचा वास मला इतका खटकला होता, की तिसऱ्या दिवशी तो मी जवळजवळ टाकून देणार होतो. तो वास पाच-सहा वेळा साबणाने धुतल्यावर जातो. टोचणे जायला मात्र पंधरा-वीस दाढ्या लागतात, कारण तेवढ्या काळात प्रत्येक केसाचे टोक दुभंगून दोन-तीन बारीक धाग्यांत फुटते आणि खालचा भाग ताठ राहूनही टोके मऊ होतात. रुळलेला ब्रश कडक साबणाच्या वडीवरून साबण उचलण्यात इतर कोणत्याही ब्रशला हार जात नाही. इटलीत बोलोन्या येथील ओमेगा आणि पोर्तुगालचा सेमोग ही या प्रकारातली जुनी व भरवशाची नावे आहेत.

बॅजर हा बिळात राहणारा, थोराड बांध्याचा सस्तन प्राणी असून ब्रशसाठी त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. हा केस मुळाशी फिकट, मध्ये काळपट पट्ट्याचा आणि टोकाशी पांढरा असतो. तो बुडाशी बारीक व मध्ये किंचित फुगीर असल्यामुळे केसांच्या दाटीत पाणी अडकून राहते आणि दाब पडला की हळूहळू सुटते. डुकराचा केस पाणी पितो आणि बॅजरचा झुबका पाणी साठवतो, हा फरक ध्यानात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. भिजायला त्याला मिनिटभर पुरतो. नवशिक्याची अडचण उलट दिशेने येते: ब्रश पुरेसा झटकला नाही, तर साठलेले पाणी वाटीत उतरून क्रीमचे ताक होते. किंमत इतर सर्व प्रकारांपेक्षा जास्त असते, आणि या केसांसाठी प्राणी मारले जातात हेही विकत घेणाऱ्याला माहीत असावे.

घोड्याचे केस ताठपणात या दोहोंच्या मध्ये बसतात आणि ते आयाळीतून व शेपटीतून कापून घेता येतात. आपल्याकडे असे ब्रश क्वचित दिसतात, त्यामुळे नवशिक्याने त्यांच्या मागे लागू नये. त्यांचा इतिहास मात्र बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरची काही वर्षे, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे इंग्लंड व अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना काळपुळीचा, म्हणजे ॲन्थ्रॅक्सचा, संसर्ग झाल्याची प्रकरणे नोंदली गेली. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदीच घातली. आजचे ब्रश तसे धोक्याचे नाहीत, परंतु कोणत्याही नावाशिवाय, सुटे विकले जाणारे प्राण्यांच्या केसांचे ब्रश टाळावेत, असे म्हणण्यामागे हा जुना अनुभव आहे.

कृत्रिम धाग्याच्या ब्रशाबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत आणि त्याला कारण किराणा दुकानात टांगलेला तो स्वस्त, रंगीत मुठीचा ब्रश आहे. त्याचा धागा म्हणजे सरसकट एका जाडीची, बोथट टोकांची नायलॉनची तार असते; ती पाणी धरत नाही आणि गाल खरवडते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आलेला धागा वेगळा आहे. तो टोकाकडे निमुळता होत जातो, काही प्रकारांत त्याला बारीक लाटा दिलेल्या असतात आणि त्या लाटांमुळे धाग्यांच्या मध्ये पाणी व फेस अडकून राहतो. ‘टक्सिडो’, ‘कॅशमीअर’ अशा नावांनी विकले जाणारे झुबके या पिढीतले आहेत. धागा स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून भिजवण्याची गरज नाही. नळाखाली धरला, झटकला आणि कामाला लागला. शोषत नसल्यामुळेच तो धरलेले पाणी लवकर सोडतो, आणि सुरुवातीला पाणी जास्त घेतले तर ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. यावरचा उपाय सोपा आहे: पाणी कमी घेऊन सुरुवात करावी आणि थेंबाथेंबाने वाढवावे.

लेबलावरचे शब्द

बॅजरच्या ब्रशावर ‘प्युअर’ असे लिहिलेले असते तेव्हा ग्राहकाला वाटते, की हा सर्वांत शुद्ध आणि म्हणून सर्वांत उंची माल असणार. प्रत्यक्षात ‘प्युअर’ ही सर्वांत खालची प्रत आहे. तिच्यावर ‘बेस्ट’, त्यावर ‘सुपर’ आणि सर्वांत वर ‘सिल्व्हरटिप’ अशी चढण साधारणपणे लावली जाते, परंतु या शब्दांना सर्वांनी मान्य केलेले प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा सरस असू शकतो. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या ब्रशांची तुलना प्रतीच्या नावावरून करू नये.

दुसरा फसवा शब्द ‘ब्रिसल’. ‘प्युअर ब्रिसल’ याचा अर्थ डुकराचे केस. धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे ज्यांना डुकराचे केस चेहऱ्याला लावायचे नाहीत, त्यांनी हा शब्द दिसताच विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. घरात आधीपासून असलेल्या ब्रशाबद्दल शंका असेल, तर एक केस उपटून चिमट्यात धरावा व पेटत्या काडीजवळ न्यावा. प्राण्याचा केस जळक्या केसांचा ओळखीचा वास देऊन चुरगळणारी राख सोडतो, आणि कृत्रिम धागा वितळून टोकाशी कडक मणी तयार होतो. मुंगसाच्या केसांचा म्हणून कोणी ब्रश पुढे केला, मग तो दाढीचा असो वा चित्रकाराचा, तर तो घेऊ नये. मुंगूस हा भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

दोन मापे

ब्रशाच्या वर्णनात दोन आकडे येतात. पहिला म्हणजे केस मुठीत जिथे बसवले आहेत तिथला झुबक्याचा व्यास, आणि दुसरा म्हणजे मुठीच्या कडेपासून केसांच्या टोकापर्यंतची उंची. दोन्ही मिलिमीटरमध्ये असतात. व्यास बहुधा २० ते २८ मिमी आणि उंची ४८ ते ६० मिमीच्या दरम्यान असते. या दोन आकड्यांतल्या नात्यावर ब्रशाचा ताठा ठरतो. २४ मिमी व्यासाच्या झुबक्याची उंची ५० मिमी असेल तर तो ताठ उभा राहतो व गालावर दाब जाणवतो. त्याच व्यासाला ५८ मिमी उंची दिली तर तो सैलसर पसरतो आणि पाणी व फेस जास्त पोटात घेतो. कृत्रिम धाग्यात नवशिक्याने २४ मिमी व्यास आणि ५२ ते ५५ मिमी उंची धरावी. डुकराच्या केसांना हा नियम लावू नये, कारण ते मुळातच ताठ असतात आणि त्यांना जास्त उंची शोभते. २८ मिमीचा भरगच्च झुबका छायाचित्रात रुबाबदार दिसतो, परंतु तो नाकाखाली मावत नाही आणि निम्मे क्रीम त्याच्या पोटातच राहते.

झुबक्याच्या माथ्याचा आकार कळीसारखा गोलाकार किंवा पंख्यासारखा पसरट असतो. चेहऱ्यावरच फेस करणाऱ्याला कळी बरी पडते. वाटीत फेस करून चेहऱ्यावर लावणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही.

ब्रश हातात घेतल्यावर

दुकानात पाणी मिळत नाही, तरीही चार गोष्टी कोरड्या ब्रशावर तपासता येतात. तळहातावर ब्रश उभा दाबावा. केस सर्व बाजूंना सारखे पसरून, दाब काढताच पुन्हा मिटले पाहिजेत. मध्यभागी खळगा पडून केसांचे कडे तयार होत असेल, तर झुबका आत विरळ आहे. मग झुबका बोटांनी हलकेच ओढावा: दोन-तीन केस सुटले तर चिंता नको, चिमूटभर आले तर परत द्यावा. नव्या ब्रशाचे आठ-दहा केस पहिल्या आठवड्यात गळतात, त्यानंतर गळती थांबली पाहिजे. केस फाकवून बुडाशी पाहावे, गोंद वर चढून केस तिथे कडक झाले असतील तर ब्रश तिथूनच तुटत जातो. शेवटी मूठ. साबणाच्या ओल्या हातात निसटणार नाही अशी, मध्ये कमरेसारखी बारीक झालेली मूठ सर्वांत सोयीची. लाकडी मूठ देखणी असते, पण तिच्यावरचा लेप उडाला की पाणी आत शिरून ती तडकते. रेझिनच्या मुठीला हे भय नाही.

घरी दोन ब्रशांची तुलना

ज्यांच्याकडे आधीचा एखादा ब्रश आहे आणि नवा घेतला आहे, त्यांनी पुढील प्रयोग अवश्य करावा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ५ मिलीचा चमचा एवढेच साहित्य लागते.

पायरी १. दोन्ही ब्रश पूर्ण कोरडे असताना त्यांचे वजन लिहून ठेवावे. मग ते कोमट पाण्यात पाच मिनिटे बुडवावेत, बाहेर काढून एकदाच जोराने झटकावेत आणि पुन्हा वजन करावे. दोन वजनांतला फरक म्हणजे ब्रशाने धरलेले पाणी. त्यानंतर झुबका मुठीत धरून पिळावा व तिसऱ्यांदा वजन करावे, म्हणजे दाब दिल्यावर तो किती पाणी सोडतो हे कळते. पाणी कडक गरम घेऊ नये, हाताला सोसवेल एवढेच असावे. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि गोंद सुटतो.

पायरी २. पिळलेल्या पहिल्या ब्रशाच्या माथ्यावर सोललेल्या बदामाएवढे क्रीम घ्यावे. दोन्ही ब्रशांना क्रीम तेच आणि तेवढेच असले पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. वाटीत ब्रश फिरवायला सुरुवात करावी आणि दर पंधरा-वीस फेऱ्यांनंतर पाव चमचा पाणी घालावे. प्रथम चिकट लगदा होतो, मग मोठ्या बुडबुड्यांचा फेस येतो आणि नंतर बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होऊन वर चकाकी येते. ब्रश उचलला असता फेसाचे वाकलेले टोक उभे राहिले, आणि फेस श्रीखंडाहून किंचित सैल वाटला, की थांबावे. किती पाव चमचे पाणी लागले ते लिहून ठेवावे. फेस कोरडा व फुगीर दिसत असेल, बोटावर घेऊन चोळल्यावर नाहीसा होत असेल, तर पाणी कमी पडले आहे. वाटीच्या तळाशी पाणी वेगळे साचत असेल, तर जास्त झाले आहे. नवशिके नव्वद टक्के वेळा कोरड्या बाजूला चुकतात असे माझे निरीक्षण आहे, कारण फुगलेला फेस डोळ्यांना भरपूर वाटतो.

पायरी ३. दुसऱ्या ब्रशाने हीच कृती करावी. एका ब्रशाला सहा पाव चमचे लागले व दुसऱ्याला नऊ, तर दुसरा वाईट ठरत नाही; त्याच्याबरोबर रोज किती पाणी घ्यायचे हे आता ठाऊक झाले, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ४. डाव्या गालावर एका ब्रशाचा आणि उजव्या गालावर दुसऱ्याचा फेस लावून दाढी करावी, आणि दुसऱ्या दिवशी गाल बदलावेत. ही अदलाबदल आवश्यक आहे, कारण उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा एक गाल नेहमीच अधिक सफाईने होतो आणि त्याचे श्रेय चुकून ब्रशाला दिले जाते. नंतर तुरटीचा ओला खडा फिरवावा: ज्या बाजूला चुरचुर जास्त, त्या बाजूला फेसाने पात्याला कमी आधार दिला होता.

ब्रश चेहऱ्यावर गोल गोल घासत बसण्याची सवय केशकर्तनालयात पाहून लागलेली असते. ताठ ब्रशाने असे घासल्यास नाजूक त्वचा दाढीपूर्वीच लाल होते आणि नैसर्गिक केसांचा झुबका पिळवटून मध्ये खळगा पडतो. पहिले दोन-तीन गोल फेरे पुरेत. पुढे रंगकाम करताना कुंचला जसा खाली-वर ओढतात तसा ब्रश ओढावा.

पाणी कुठले आणि हवा कुठली

बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा काही भाग क्षारांशी संयोग पावून चिकट साका बनतो, त्यामुळे फेस लवकर बसतो. दोष ब्रशाचा आहे असे वाटते आणि माणूस उगाच महागडा ब्रश घेतो. अशा घरात दाढीपुरते वाटीभर, क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचे पाणी घ्यावे, किंवा पाणी उकळून, निवळू देऊन वापरावे. तेच क्षार झुबक्याच्या बुडाशी साचून केस खरखरीत करतात.

हवेचा प्रश्न कोकणात, गोव्यात आणि मुंबईत अधिक गंभीर आहे. जून ते सप्टेंबर बंद न्हाणीघरात ठेवलेला डुकराच्या केसांचा ब्रश दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही, आणि आठवडाभरात त्याला कुबट वास येऊ लागतो. बॅजरलाही वाळायला वेळ लागतो. कृत्रिम धागा काही तासांत कोरडा होतो. रोज दाढी करणाऱ्याला नैसर्गिक केसांचा ब्रश पावसाळ्यात वापरायचाच असेल, तर दोन ब्रश आळीपाळीने वापरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पहिल्याच खरेदीत दोन ब्रश घ्या असे नवशिक्याला सांगणे मला योग्य वाटत नाही.

मग कोणता घ्यावा

ट्यूबमधले क्रीम वापरणाऱ्या, सकाळी घाईत असणाऱ्या आणि पहिल्यांदाच ब्रश हाती धरणाऱ्या माणसाने निमुळत्या धाग्याचा, २४ मिमीचा कृत्रिम ब्रश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला रुळवावे लागत नाही, भिजवावे लागत नाही, वास येत नाही. त्यामुळे फेस बिघडला तर चूक पाण्याच्या प्रमाणात आहे हे लगेच कळते आणि शिकणे वेगाने होते. डुकराच्या केसांत एकाच वेळी ब्रशही शिकत असतो आणि माणूसही, आणि कोणाचे चुकले हे उमगत नाही. ज्याला कडक साबणाची वडी आवडते, आणि जो देशावरच्या कोरड्या हवेत राहतो, त्याने डुकराच्या केसांचा ब्रश दुसरा म्हणून घ्यावा; तो स्वस्त असतो, आणि रुळल्यावर त्याची टोके गालावर जी हलकी खाज भागवतात ती कृत्रिम धाग्यात मिळत नाही. बॅजरवर पैसे घालण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलावा.

निगा

दाढी झाल्यावर केस फाकवून बुडाशी अडकलेला साबण धुवावा, झुबका दाबून पाणी काढावे पण पीळ देऊ नये, झटकून पंचावर दोन-चार वेळा ओढावा आणि वारा लागेल अशा जागी ठेवावा. ब्रश उलटा टांगण्यासाठी स्टँड घेण्याची सक्ती नाही. मोकळी हवा असेल तर उभा ठेवलेला ब्रशही वाळतो, आणि हवा नसेल तर टांगलेलाही कुजतो. ओला ब्रश डबीत बंद करून प्रवासाला नेऊ नये. महिन्यातून एकदा सौम्य शांपूने धुवावा; बोअरवेलचे पाणी असेल तर वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून त्यात फक्त केस पाच मिनिटे बुडवावेत, मूठ नव्हे, आणि नंतर स्वच्छ पाण्यात खळबळावेत. ब्रश घरातही कोणाबरोबर वाटून घेऊ नये, कारण पात्याच्या बारीक जखमांतून एकाच्या त्वचेचा संसर्ग दुसऱ्याकडे जातो. पहिल्या महिन्यानंतरही केस रोज गळत राहिले, किंवा धुऊनही कुबट वास गेला नाही, तर तो ब्रश बूट पुसायला काढावा आणि नवा आणावा.